इंग्रजीच्या तासाला शब्द आणि संवाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकवणारे शिक्षक पुन्हा पुन्हा पाठवतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे मागाहून. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रोज दहा शब्द अर्थासकट पाठ करून घेतले की शब्दसंग्रह वाढतो ना?

वहीतला वाढतो. पाठांतराला मी नावं ठेवत नाही. शब्द आणि अर्थाची जोडी डोक्यात बसवायचा तो झटपट मार्ग आहे. पण शब्द 'येणे' यात बरंच काही येतं : तो ऐकला की ओळखणं, उच्चार, स्पेलिंग, त्याची रूपं, त्याच्या सोबतीला कोणते शब्द येतात, आणि तो कुठे वापरायचा नाही हेसुद्धा.

'बॉरो' म्हणजे उसने घेणे हे तोंडपाठ असलेला मुलगा शेजाऱ्याकडे पेन्सिल मागताना "गिव्ह पेन्सिल" म्हणतो. त्याला शब्द ठाऊक आहे, पण तो कधी लागलेलाच नाही. "कॅन आय बॉरो युवर पेन्सिल?" असं म्हटल्याशिवाय पेन्सिल मिळणार नाही, ही वेळ आठवड्यात चारदा आली की 'बॉरो' वहीतून तोंडात येतो. या पानावरचे बहुतेक उपक्रम म्हणजे अशी वेळ मुद्दाम आणण्याच्या युक्त्या आहेत.

२. एका तासात किती नवे शब्द द्यावेत?

पाच ते सात. लहान मुलं असतील तर त्याहून कमी.

सुरुवातीच्या वर्षांत मी फळ्यावर वीस शब्द लिहीत असे. फळा भरला की काम झाल्यासारखं वाटायचं. शुक्रवारी विचारावं तर तीन-चार शब्द निघत, आणि तेही वर्गातल्या त्याच पाच मुलांकडून. मग मी धड्यातल्या शब्दांचे दोन ढीग करू लागले. एक 'बोलायचे', दुसरा 'ओळखायचे'. वाचताना अर्थ लागला की पुरे, असे शब्द दुसऱ्या ढिगात जातात. त्यांचा अर्थ सांगायचा आणि पुढे जायचं. पाच-सात ही मर्यादा फक्त पहिल्या ढिगाला.

३. आधी कोणते शब्द शिकवायचे? पुस्तकात येतील त्या क्रमाने गेलं तर बिघडतं का?

बिघडत नाही, पण सगळ्या शब्दांना सारखाच वेळ दिला तर तो वाया जातो. इंग्रजीत थोडे शब्द फार काम करतात. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साधारण मजकुरातले अंदाजे ८० टक्के शब्द त्या यादीतले आणि त्यांच्या रूपांतले असतात. उलट बाजूने पाहा : पॉल नेशन यांच्या २००६ च्या हिशेबानुसार वर्तमानपत्र किंवा कादंबरी कोणाच्या मदतीशिवाय वाचायची तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. 'वर्क, वर्कर, वर्किंग' हे सगळं मिळून एक कुटुंब. म्हणजे पहिल्या दोन हजारांवर घाम गाळावा. त्यापुढचे सगळे शब्द वर्गात शिकवून होणार नाहीत, ते वाचनातूनच यावे लागतात.

वरच्या वर्गांसाठी ऍव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची ५७० शब्दकुटुंबांची यादी उपयोगी आहे. 'ऍनालाइझ', 'इव्हिडन्स', 'फॅक्टर' असे शब्द त्यात आहेत. विज्ञान असो वा इतिहास, हे शब्द सगळीकडे भेटतात आणि ते कोणीच वेगळे शिकवत नाही. विज्ञानाचे शिक्षक 'फोटोसिंथेसिस' समजावतात, पण 'डिस्टिंग्विश बिटवीन' म्हणजे काय करायचं ते सांगायचं राहून जातं.

एक अपवाद. मुलाला आज, वर्गात, लागणारा शब्द यादीत कुठेही असो, तो आधी द्यावा. 'रबर' आणि 'शार्पनर' यादीची वाट पाहत नाहीत.

४. नव्या शब्दाचा अर्थ मराठीत सांगितला तर चालतो का? आम्हाला तर 'फक्त इंग्रजीत' असं सांगितलं जातं.

चालतो. 'ऑलमोस्ट' चा अर्थ इंग्रजीतून समजावण्यात पाच मिनिटं घालवून शेवटी निम्म्या वर्गाने 'बराच' असा अर्थ लावून घेणं, यापेक्षा 'जवळजवळ' म्हणून मोकळं व्हावं. वाचलेली पाच मिनिटं तो शब्द वापरायला द्यावीत. 'स्क्वीझ' सारखा शब्द असेल तर मराठीचीही गरज नाही. ओला स्पंज पिळून दाखवा.

पण मराठी अर्थ हे दार आहे. आत जायचं काम बाकी राहतं. त्यासाठी डोरोथी फ्रेयर आणि सहकाऱ्यांची १९६९ ची चौकटींची पद्धत मला आवडते. कागदाचे चार भाग करायचे. एकात अर्थ, दुसऱ्यात खुणा, तिसऱ्यात उदाहरणं, चौथ्यात 'हे नव्हे' अशी उदाहरणं. खरी गंमत चौथ्या चौकटीत असते. 'शाय' साठी एका मुलीने तिथे लिहिलं होतं : "झोप आलेला मुलगा." तोही गप्पच बसतो, पण तो लाजाळू नव्हे. एवढं कळलं म्हणजे शब्द कळला.

मराठीत आधीच मुरलेल्या इंग्रजी शब्दांची मात्र वेगळी खबरदारी घ्या. आपलं 'हॉटेल' खाण्याचं असतं, इंग्रजीतलं मुक्कामाचं. आपल्याकडे मुलं कॉलेजातून 'पास आउट' होतात, पण इंग्रजीत या शब्दांचा रोजचा अर्थ बेशुद्ध पडणे असा आहे. मुलांना अशा जोड्या शोधायला लावा, वर्ग जागा होतो.

५. रंग एकत्र, वार एकत्र, प्राणी एकत्र, असे गट करून शिकवणं सोपं ना?

शिकवणाऱ्याला सोपं, शिकणाऱ्याला अवघड. टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये आणि वॉरिंग यांनी १९९७ मध्ये हे तपासलं. एकाच जातीचे नवे शब्द एकदम दिले तर ते एकमेकांत गुंततात आणि शिकायला जास्त वेळ लागतो. 'ट्यूझडे' आणि 'थर्झडे' यांचा घोळ कोणत्याही वर्गात दिसेल. मी एकदा 'लेफ्ट' आणि 'राइट' एकाच तासाला शिकवले. त्या तुकडीतली काही मुलं वर्ष संपेपर्यंत आधी हाताकडे बघायची, मग माझ्याकडे.

उपाय साधा आहे. एक शब्द आज द्या, तो पक्का झाला की त्याचा भाऊ पुढच्या आठवड्यात. आणि जात पाहून नव्हे, प्रसंग पाहून गट करा. 'पावसात अडकलो' या प्रसंगात 'वेट', 'अंब्रेला', 'रन', 'स्लिप', 'वेट फॉर' हे शब्द आपोआप येतात. त्यांत नाम आहे, क्रियापद आहे, विशेषणही आहे, म्हणून त्यांची लगेच गोष्ट होते. टिंकहॅम यांच्या १९९७ च्या अभ्यासात असे प्रसंगाने बांधलेले शब्द सोपे गेल्याचं दिसलं. (या यादीत भिजलेला 'वेट' आणि थांबायचा 'वेट' दोन्ही आले. मराठी कानाला सारखे वाटतात, इंग्रजीत उच्चार आणि स्पेलिंग दोन्ही वेगळं. पहिल्याच दिवशी दोन्ही देऊ नका!)

६. आज सगळ्यांना येतो तो शब्द आठवड्याने कोणालाच आठवत नाही. काय चुकतं?

काही चुकत नाही, डोकं असंच चालतं. हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये तो छापला. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, पुढे मंदावतं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, पुढच्या उजळण्या लांबत गेल्या तरी चालतात.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून पाहणाऱ्यांना आठवड्याने जास्त आठवतं. तेव्हा फळ्यावरचे शब्द वाचून घेण्याऐवजी फळा पुसा आणि विचारा.

माझ्या वर्गात बुटांचा एक रिकामा खोका आहे, त्यात तीन कप्पे. 'बोलायचे' ढिगातला प्रत्येक शब्द चिठ्ठीवर जातो. तासाची पहिली पाच मिनिटं खोक्याची. एक जण चिठ्ठी काढतो आणि शब्द न उच्चारता इंग्रजीत वर्णन करतो, बाकीचे ओळखतात. ओळखला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, नाही तर पुन्हा पहिल्या. पहिला कप्पा रोज, दुसरा आठवड्यातून दोनदा, तिसरा पंधरवड्याने. ही मूळ कल्पना जर्मन लेखक सेबास्टियान लाइटनर यांची, १९७२ ची. शब्द किती वेळा भेटला की बसतो, असंही बरेच जण विचारतात. पक्का आकडा नाही, पण दहाच्या आत बसला तर नशीब समजा.

७. मुलांना शब्द येतात, बोललेलं समजतं, पण तोंड उघडत नाहीत. संवादासाठी कशाने सुरुवात करू?

'माहितीची फट' या उपक्रमाने. एकाला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याला नाही, आणि दोघांना मिळून काहीतरी पुरं करायचं आहे. बस्स.

ऐकून समजतं म्हणजे बोलता येईलच असं नाही, हे मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये कॅनडातल्या मुलांबाबत मांडलं. वर्षानुवर्षं फ्रेंचमधून शिकलेल्या त्या मुलांना समजायचं छान, बोलणं मात्र कच्चं, कारण बोलायची गरजच कमी पडत होती. आपल्या वर्गात तर "व्हॉट इज युवर नेम?" हा प्रश्न ज्याचं नाव पाच वर्षं माहीत आहे त्यालाच विचारला जातो. कोण कशाला मनापासून उत्तर देईल?

एक उपक्रम जवळून पाहू. एकाच खोलीची दोन चित्रं काढा. 'अ' चित्रात मांजर आहे, घड्याळ नाही. 'ब' चित्रात घड्याळ आहे, मांजर नाही. प्रत्येकाकडे अशा पाच वस्तू कमी. एकमेकांना विचारून आपलं चित्र पूर्ण करायचं. सुरू करण्याआधी फळ्यावर फक्त तीन सांगाडे : "इज देअर अ...?", "व्हेअर इज द...?", "इट्स ऑन / अंडर / निअर द...". आता कान द्या.

"व्हेअर इज कॅट?"
"अंडर."
"अंडर व्हॉट?"
"अंडर... दॅट... फोर लेग."
"टेबल?"
"येस! टेबल!"

"अंडर व्हॉट?" हे फळ्यावर नव्हतं, पुस्तकातही नव्हतं. मांजर कुठे काढायचं ते कळेना म्हणून त्या मुलीने ते स्वतः घडवलं. 'टेबल' आठवेना तेव्हा समोरच्याने चार पायांवर काम भागवलं. मला या तासाकडून एवढंच हवं असतं. "द कॅट" म्हटलं नाही याची नोंद मी वहीत करते, तोंडाने बोलत नाही (प्रश्न १३).

फटी तीन प्रकारच्या असतात. ही वर्गवारी एन. एस. प्रभू यांची. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूरच्या प्रकल्पात त्यांनी व्याकरण बाजूला ठेवून कामांमधून इंग्रजी शिकवून पाहिलं. पहिली फट माहितीची, वरच्यासारखी. दुसरी तर्काची : बसचं वेळापत्रक दिलं, दहाला पोहोचायचं आहे, तर कोणती बस धरायची? तिसरी मताची : सहलीला डोंगर की नदी? गंमत अशी की बहुतेक शिक्षक तिसरीपासून सुरुवात करतात, कारण तिला तयारी लागत नाही. पण मताच्या प्रश्नाला "आय लाइक रिव्हर" एवढ्यावर सुटका होते. माहितीच्या आणि तर्काच्या फटीत काम पुरं होईपर्यंत सुटका नाही.

८. जोडीत काम दिलं की मुलं एकमेकांना चित्र दाखवतात नाही तर मराठीत बोलून मोकळी होतात. मग?

माझा पहिला 'फरक शोधा' चाळीस सेकंदांत संपला होता. सगळ्यांनी चित्रं शेजारी ठेवली, बोटं लावली, फरक मोजले आणि "मॅडम, झालं!" हुशारीच ती. भाषा लागेल अशी रचना मीच केली नव्हती.

तेव्हापासून जोडीदार पाठीला पाठ लावून बसतात, किंवा मध्ये दप्तर उभं राहतं. मराठीबाबत मी नियम दोन भागांत करते. तयारी मराठीत चालेल : काय विचारायचं, कोण काय बोलेल. काम सुरू झालं की इंग्रजी. मात्र इंग्रजीतच राहायचं तर अडल्यावरची वाक्यं आधी द्यावी लागतात : "से इट अगेन, प्लीज", "वेट अ मिनिट", "हाऊ डू यू से ... इन इंग्लिश?" या तिसऱ्या वाक्यात रिकाम्या जागी मराठी शब्द टाकायला परवानगी आहे. ही तीन वाक्यं भिंतीवर कायमची लावा. ती नसताना मुलगा मराठीत गेला तर त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

दंड, रुपये, गुण कापणं हे सगळं मी करून पाहिलं आहे. त्याने मराठी थांबते आणि इंग्रजीही.

९. वर्गात साठ मुलं, बाकं जमिनीत घट्ट. आमच्याकडे हे सगळं कसं जमणार?

आधी हिशेब. साठ मुलांनी एकेक करून एक मिनिट बोलायचं तर तासच्या तास जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट येतं. जोड्या केल्या तर दहा मिनिटांत प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात. मोठ्या वर्गालाच जोड्यांची जास्त गरज आहे.

बाक हलत नाही, मुलं वळतात. पहिल्या बाकावरची मुलं मागे वळून दुसऱ्या बाकाशी बोलतील, तिसऱ्यावरची चौथ्याशी. जोडीदार बदलायचा तर वळलेल्या बाकावरच्या प्रत्येकाने एक जागा सरकायचं. शेवटचा फिरून पहिल्या जागी.

फ्रँक लायमन यांची १९८१ ची 'विचार, जोडी, वाटणी' ही रीत अशा वर्गात हमखास चालते. एक मिनिट गप्प बसून विचार, दोन मिनिटं शेजाऱ्याशी, मग दोन-तीन जणांनी वर्गाला सांगायचं. आणि सांगायचं ते शेजाऱ्याचं मत, आपलं नव्हे. एवढ्या बदलाने ऐकणं सक्तीचं होतं. एलियट ऍरन्सन यांनी १९७१ मध्ये ऑस्टिनमध्ये सुरू केलेली 'जिगसॉ' पद्धतही थोडी छाटून घेता येते. उताऱ्याचे चार तुकडे चार रांगांना द्यायचे, मग प्रत्येक रांगेतला एक असे चौघे जमवून पूर्ण उतारा उभा करायचा.

गोंगाट होतो. शेजारच्या वर्गातून तक्रार येते. हात वर केला की ज्याला दिसेल त्यानेही वर करायचा आणि थांबायचं, ही खूण पहिल्या आठवड्यात पक्की करा.

१०. मुलं बोलतात, पण अडखळत. अस्खलितपणा कसा आणायचा?

तेच पुन्हा, कमी वेळात, नव्या माणसाला. कीथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या या पद्धतीला '४/३/२' म्हणतात. मूल एका विषयावर चार मिनिटं एका जोडीदाराशी बोलतं, मग तीच गोष्ट दुसऱ्याला तीन मिनिटांत, तिसऱ्याला दोन मिनिटांत. लहानांना मी दोन मिनिटं, दीड, एक असं देते. ऐकणारा नवा असल्याने पुनरुक्तीचा कंटाळा येत नाही. विषय मात्र सोपा आणि शब्द आधीपासून येणारे हवेत. नवे शब्द आणि घड्याळ एकत्र आले की मूल गोठतं.

११. एक मूल चार महिने झाले, इंग्रजीच्या तासाला एक शब्द बोललेलं नाही. घाबरायचं का?

इंग्रजी त्याला अगदी नवी असेल तर लगेच नको. नवी भाषा शिकताना पुष्कळ मुलं आधी बराच काळ नुसतं ऐकतात. या काळात कळतंय का ते कृतीतून पाहा. जेम्स ऍशर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली पद्धत इथे चांगली : शिक्षकाने आज्ञा द्यायची, मुलाने करून दाखवायचं. "टच द विंडो." "पुट द बुक अंडर द चेअर." बरोबर करत असेल तर काम आत चाललं आहे. पुढची पायरी बोट दाखवणं, मग हो-नाही, मग "रेड ऑर ब्लू?" असा उत्तर आतच दडलेला प्रश्न.

असं एक मूल माझ्याकडे होतं. त्याचे पहिले इंग्रजी शब्द माझ्या कोणत्याही प्रश्नाला आले नाहीत. पत्त्यांच्या खेळात त्याची पाळी दुसऱ्याने घेतली, तेव्हा ते ओरडलं : "माय टर्न!"

मूल मराठीतही, मैत्रिणींशीही, खेळतानाही बोलत नसेल तर मात्र हा भाषेचा प्रश्न नाही. पालकांशी बोला आणि तज्ज्ञाला दाखवा.

१२. प्रश्न विचारला की वर्गात शांतता. शेवटी उत्तर मीच देते. काय करू?

मनात तीनपर्यंत मोजा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात असं आढळलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, आणि न बोलणारेही बोलू लागले. ही पाहणी विज्ञानाच्या तासांची होती. परक्या भाषेत तर प्रश्न समजून घ्यायचा, उत्तर शोधायचं आणि वाक्यही जुळवायचं, म्हणून मी पाच-सहा सेकंद देते. पहिले काही दिवस ही शांतता शिक्षकालाच जड जाते.

१३. बोलताना चूक झाली तर तिथेच सुधारावी की सोडावी?

काय चाललंय त्यावर आहे. संवाद चालू असेल आणि अर्थ पोहोचत असेल तर सोडा, टिपून ठेवा, शेवटी नावं न घेता चार वाक्यं फळ्यावर लिहा आणि वर्गाकडून दुरुस्त करून घ्या. अर्थच पोहोचत नसेल तर तिथेच थांबवा.

आपण बहुतेक जण काय करतो? मूल म्हणतं, "ही गो टु होम यस्टरडे." आपण म्हणतो, "ओह, ही वेंट होम यस्टरडे." मूल म्हणतं, "येस", आणि पुढे जातं. लिस्टर आणि रांता यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या वर्गांत नेमकं हेच मोजलं. शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून जास्त अशा गुपचूप दुरुस्त्या होत्या, आणि मुलं सर्वांत कमी दाद देत होती ती यांनाच. मुलाला वाटतं, बाईंनी दुजोरा दिला! त्यापेक्षा "ही...?" म्हणून थांबा, किंवा "यस्टरडे?" असं भुवया उंचावून विचारा. बरेचदा त्याचं तोच "वेंट" म्हणतो.

१४. शब्द बरोबर, व्याकरण बरोबर, तरी वाक्य विचित्र वाटतं. उदाहरणार्थ, "आय गेव्ह ऍन एक्झाम", "बिग रेन". हे कसं सांगायचं?

हे सोबतीचे शब्द. मराठीत परीक्षा आपण 'देतो', इंग्रजीत विद्यार्थी ती 'टेक' करतो, आणि 'गिव्ह' शिक्षक करतात. पाऊस आपल्याकडे मोठा किंवा जोराचा, त्यांच्याकडे 'हेवी'. आपलं 'करणे' एकटं सगळं ओढतं, तिथे चूक 'मेक' होते आणि गृहपाठ 'डू' होतो. याला कारण विचारू नका, मुलांनाही शोधायला लावू नका. आपण 'पाऊस पडतो' म्हणतो, 'पाऊस येतो'ही म्हणतो, पण 'पाऊस उतरतो' का म्हणत नाही?

उपाय एवढाच, की शब्द एकटा वहीत जाऊ द्यायचा नाही. 'मिस्टेक' नव्हे, 'मेक अ मिस्टेक'. उपक्रमासाठी चिठ्ठ्या दोन रंगांत करा, एकात क्रियापदं, दुसऱ्यात नामं. प्रत्येकाच्या हातात एक. उठून आपला जोडीदार शोधायचा, आणि जोडी जमली की दोघांनी मिळून एक खरं वाक्य सांगायचं. खरं म्हणजे खरंच घडलेलं.

१५. एकाच वर्गात कोणी फाडफाड बोलतं, कोणाला अक्षरओळख कच्ची. एकच उपक्रम दोघांना कसा पुरेल?

काम एकच ठेवा, आधार वेगळा द्या. प्रश्न ७ मधल्या चित्रासाठी कच्च्या मुलाच्या कागदावर पूर्ण वाक्यं छापलेली, मधल्याकडे नुसते शब्द, पक्क्याकडे काहीच नाही. आणि महत्त्वाची माहिती कच्च्या मुलाच्या कागदावर ठेवा. मग पक्क्याला त्याला विचारावंच लागतं, थांबून ऐकावं लागतं. पक्क्याला 'मदतनीस' केलं तर तोच सगळं बोलून टाकतो.

१६. मुलगी इंग्रजीत छान गप्पा मारते, पण विज्ञानाचा इंग्रजी पेपर तिला जमत नाही. आळस आहे का?

बहुधा नाही. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा भेद मांडला. भोवती इंग्रजीच असलेल्या शाळांतल्या परभाषक मुलांना गप्पांची भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाच्या भाषेला पाच ते सात वर्षं लागतात. गप्पांत चेहरा, हात, समोरची वस्तू मदतीला असते. पेपरात फक्त ओळी. तिच्यासाठी प्रश्न ३ मधली दुसरी यादी काढा, आणि उत्तर लिहिण्याआधी ते शेजाऱ्याला तोंडी सांगायला लावा.

१७. मी मोठ्या माणसांना शिकवते. त्यांना हे खेळ पोरकट वाटतात.

खेळ हा शब्द वापरू नका, आणि काम त्यांच्या आयुष्यातलं द्या. चुकीची वस्तू घरी आली, फोनवर तक्रार करायची, ही माहितीचीच फट आहे. एकाकडे ऑर्डर, दुसऱ्याकडे कंपनीचे नियम. मोठ्यांना हसं होण्याची भीती जास्त, म्हणून आधी जोडीत, वर्गासमोर बोलणं ऐच्छिक.

१८. बोलण्याला गुण कसे द्यायचे?

आधी ठरवा, काम झालं का हे मोजायचं की भाषा. मी अर्धे गुण कामाला देते : समोरच्याला कळलं, चित्र पूर्ण झालं. उरलेल्यात शब्द, उच्चार आणि अडल्यावर सावरणं. शेवटच्याला गुण असल्याचं आधीच सांगितलं की "हाऊ डू यू से" विचारायची लाज जाते. साठ जणांची परीक्षा एका दिवसात होत नाही. जोड्या बोलत असताना रोज चार मुलांजवळ उभं राहायचं, पंधरा तासांत वर्ग होतो.

१९. खरं सांगायचं तर माझंच इंग्रजी बेताचं आहे. मी संवाद कसा घेऊ?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि बहुतेक जण नाव न घालता पाठवतात.

वरच्या उपक्रमांत शिक्षकाला फार बोलावं लागत नाही हे लक्षात आलं असेल. सूचना लागतात, त्या ठरलेल्या : "टर्न टु युवर पार्टनर", "डोन्ट शो युवर पिक्चर", "टू मिनिट्स लेफ्ट". अशी दहा-बारा वाक्यं कार्डावर लिहून टेबलावर ठेवा. महिन्याभरात कार्ड लागणार नाही. अडलं तर "लेट्स चेक" म्हणा आणि बोलणारा शब्दकोश सगळ्यांसमोर उघडा.

मी कित्येक वर्षं 'कम्फर्टेबल' चा 'टेबल' ठणठणीत म्हणत होते. सहावीतल्या एका मुलीने शब्दकोशाचा आवाज ऐकवला : 'कम्फ्-ट-बल'. तेव्हापासून फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात 'तपासायचे शब्द' अशी चौकट असते. कोणीही त्यात लिहावं. निम्मे शब्द माझेच असतात.